सातवी ढाल

सातवी ढाल उलटी हवी होती. माझ्या जुन्या मैत्रिणीच्या, तूवाच्या, मेलमध्ये नऊ ढालींची यादी होती, प्रत्येकीपुढे घराण्याचं नाव, प्राणी आणि रंग. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं : होल्मार, पाणमांजर, निळ्यावर चांदी, ढाल उलटी, रीतीप्रमाणे. पुढे एक हसरा चेहरा आणि ‘तुला काय सांगायचं!’ मी हे प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात, सकाळच्या कॉफीच्या सुटीत, उभ्याउभ्या वाचलं. दुसऱ्या हातात दालचिनीचा बन होता, तो खात राहिलो. होल्मार घराण्यात एकच माणूस उरला होता आणि तो मी होतो. ढाल उलटी करतात ती घराण्यातला शेवटचा माणूस गेल्यावर. म्हणजे मी मेलो होतो, बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचा क्रॉस स्टिचचा नमुना मीच काढून द्यायचा होता, कारण असले नमुने आमच्या उमेओ शहरात मीच काढतो.

“कोण गेलं?” गुन्वोरने विचारलं. ती टेबलापलीकडे बसून ब्रेडवर चीज कापत होती.

“कोणी नाही.”

“चेहरा तर तसाच झालाय.”

“मीच गेलोय. चार वर्षं झाली. आज कळवलंय.”

“मग तो बन इकडे दे,” ती म्हणाली. “मेलेल्यांना साखर चालत नाही.”

मी अर्धा बन तिला दिला. तिने तो खरंच खाल्ला, कपाळाला आठी न घालता, आणि आम्ही कामाला गेलो.

काम असं असतं : छपरावरच्या सापळ्यात एक ढोलासारखं चाक तासाला दोन मिलिमीटर फिरतं, आणि त्यावरच्या चिकट पट्टीला हवेत जे असेल ते येऊन चिकटतं. अठ्ठेचाळीस मिलिमीटर म्हणजे एक दिवस. तो दिवस कापून काचेवर घ्यायचा, गुलाबी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळीओळीने परागकण मोजायचे. पहिल्या वर्षी मला याचं फार अप्रूप होतं, की कालचा दिवस चिमट्यात धरता येतो. मेच्या मध्यावर उमेओतले सगळे बर्च एकदम फुलतात आणि मग एकेका काचेवर हजारो कण असतात. गुन्वोर आणि मी दीड मीटर अंतरावर बसून, आपापल्या भिंगात डोळा घालून, हातातली मोजयंत्रं टिकटिकवत असतो. गुन्वोर त्रेसष्टची आहे, मी तिशीचा. सहा वर्षं आम्ही असे बसतो आहोत. मी घरी जाऊन काय करतो हे तिला माहीत आहे आणि त्यावरून ती मला सोडत नाही. “दिवसभर चौकोनात डोकं घालायचं आणि घरी जाऊन पुन्हा चौकोनच रंगवायचे! सुटीत काय करतोस रे, न्हाणीघरातल्या फरशा मोजतोस?” मोजल्या आहेत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

घरी मी नसलेल्या घराण्यांची चिन्हं काढतो. लोक मेल पाठवतात. बर्गनच्या दोन बहिणींनी कळवलं, आमचं घराणं आजपासून सुरू झालं आहे, आमच्या ढालीवर दोन साळिंदरं आणि मध्ये कॉफीची किटली हवी. कुणी आपल्या कादंबरीतल्या राजांसाठी मागतं, कुणी खेळातल्या सरदारांसाठी. मी आधी ढालीची रुंदी ठरवतो. ती नेहमी विषम, एकसष्ट टाके, म्हणजे मध्यावर एक स्तंभ मिळतो आणि डावी-उजवी सारखी बसते. मग प्राणी. प्राण्याची सगळी वळणं चौकोनांच्या पायऱ्यांवर चढवावी लागतात. साळिंदराचं नाक एक चौकोन पुढे गेलं तर डुक्कर होतं. सोन्यावर चांदी बसवायची नाही आणि लालावर निळा नाही, नाहीतर लांबून काही ओळखू येत नाही; ढाली रंगवणाऱ्यांचा हा फार जुना नियम आहे आणि दृष्टीच्या शास्त्राला धरून आहे. आणि एकटी फुली कुठे ठेवायची नाही. म्हणजे चहूबाजूंनी दुसरा रंग आणि मध्ये एका वेगळ्या रंगाचा एकच टाका, असं करायचं नाही. भरणाऱ्या बाया त्यावरून शिव्या घालतात, कारण त्या एका टाक्यासाठी सुईत नवा धागा ओवायचा, मागून अडकवायचा, एक फुली घालायची आणि पुन्हा मागे दाबून तोडायचा. एवढ्या खटपटीनंतर तो टाका निसटतोही तोच आधी. मी नमुना पूर्ण झाला की शेवटी अशा फुल्या शोधून काढतो आणि शेजारच्या रंगात मिसळून टाकतो.

हे सगळं सुरू झालं ओलिधेमच्या विद्यार्थी वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, ते इथे देशभरच असतात. आमच्याकडे ते खाऊन झाल्यावर एक खोटंखोटं राज्य मांडलं जाई, ज्यात आम्ही सगळे पात्रं व्हायचो. तूवा, सिक्स्तेन, मी आणि आणखी पाच-सहा जण. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या घराण्याचा, आणि दरबार भरला की घराण्याघराण्याने बाकावर बसायचं. सिक्स्तेन आणि मी होल्मार. आमचं पाणमांजर मी पहिल्यांदा सूक्ष्मजीवशास्त्राच्या वहीतल्या आलेख-कागदावर काढलं. दुसऱ्यांची पाळी चालू असताना हात रिकामे राहत, म्हणून मॅटीचं कापड आणि निळ्या-चांदीच्या लड्या आणल्या आणि ते भरून टाकलं. मग बाकीची घराणी मागे लागली. तूवाच्या लांडग्याचं शेपूट मी चार वेळा उसवलं. “तुझा लांडगा हा घरचा कुत्रा आहे,” सिक्स्तेन माझ्याकडे बोट करून तिला म्हणायचा, “हॅम्पुसने दयेने लांडगा लिहिलंय.” बोलणं बहुतेक पात्राच्याच तोंडचं असे. स्वतःचं काही सांगायचं असेल, भूक लागली, पाय आखडला, उद्या परीक्षा आहे, तर तळहात डोक्यावर ठेवून बोलायचं. पत्रं लिहायची तीही पात्र म्हणून. आणि त्यात काही खरंच आपलं असेल तर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढायचा. गोल नसेल तर तो खेळ. असं नसतं तर गोंधळ झाला असता. एकदा एका मुलीने भर दरबारात एका मुलाशी खेळातलं लग्न मोडलं होतं आणि तो बिचारा खरोखरच आठवडाभर जेवला नव्हता. त्यानंतर हा नियम आला.

सिक्स्तेन ट्रॉन्हेमला नोकरीला गेला. त्याला आम्ही खेळात थाटात मारलं, अस्वलाशी झुंजताना. त्यानंतर दरबारात बाकावर मी एकटा, फ्रिजच्या बाजूच्या टोकाला. बाकी घराणी दोघं-तिघं खांद्याला खांदा लावून बसत, कानात बोलत, एकमेकांच्या ताटलीतला जॅम घेत. माझ्या पाठीला फ्रिजची घरघर लागायची. मला वाटतं मी दहा गुरुवार तसा बसलो. मोजले नव्हते. कुणी काही म्हटलं नाही, आणि मीही डोक्यावर हात ठेवून काही बोललो नाही; ‘मला एकटं वाटतं’ हे सूप वाढून घेताना कसं बोलायचं, हे मला आजही कळत नाही. त्याऐवजी मी पत्र लिहिलं. चांगला कागद घेतला, तीन मसुदे केले. ‘होल्मारांचा शेवटचा माणूस बर्फाखाली गेला आहे. त्याला शोधू नका.’ ते स्वयंपाकघराच्या दाराखालून आत सरकवलं आणि नदीपलीकडे नुकत्याच घेतलेल्या खोलीवर येऊन वाट पाहत बसलो, की आता कुणीतरी शोधेल. पुढच्या गुरुवारी फोन टेबलावर पालथा ठेवला, मग सुलटा ठेवला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मग मी नोकरीत कायम झालो आणि मनाशी म्हणालो, खेळ संपला असेल, सगळे पांगले असतील. हे म्हणणं सोयीचं होतं. आता त्या यादीवरून कळत होतं की खेळ चालू आहे, नऊ घराणी आहेत, त्यांतली चार तर मी ऐकलेलीही नाहीत, आणि त्या सगळ्यांना आपल्या भिंतीवर एक मोठं भरतकाम लावायचं आहे, ज्यात मी उलटा असेन.

आठ ढाली मी पाच संध्याकाळींत पुऱ्या केल्या. इथे मेमध्ये संध्याकाळ संपतच नाही, त्यामुळे दिवा न लावता काम होतं. नवी घराणी मी त्यांच्या वर्णनावरून काढली : एका ढालीवर मधमाश्या, एकीवर शिंग फुंकणारा कोंबडा. कोंबड्यावर मी नको तितका वेळ घालवला. मग सातवीशी आलो. जुनी फाइल उघडली आणि एका कळीने ढाल फिरवली. पाणमांजर पाठीवर पडलं, चारी पाय वर, शेपूट ढालीच्या काठाशी. ते मेल्यासारखं दिसेना. कुणीतरी पोटाला गुदगुल्या करत असल्यासारखं दिसत होतं. डोळ्याचे दोन काळे टाके आधी रागीट वाटायचे, ते आता खट्याळ वाटत होते. एक-दोन टाके हलवून मान लुळी करता आली असती. करून पाहिली, ती मोडल्यासारखी दिसली, परत सरळ केली. मग माझ्या लक्षात आलं की हे वेगळं काढायची गरजच नाही. फुली दोन तिरप्या रेघांची असते, आणि वरची रेघ सगळ्या कापडभर एकाच बाजूला झुकलेली असावी लागते. एक जरी टाका उलटा झुकला तरी उजेडात डाग पडल्यासारखा दिसतो. कापड पाव फेरा फिरवून भरलं तर तसं होतं. पण अर्धा फेरा फिरवला, वरची बाजू पूर्ण खाली नेली, तर ती रेघ जशी होती तशीच राहते. म्हणजे भरणारीने कापड उलटं धरून माझं पाणमांजर सरळ भरलं आणि मग कापड परत फिरवलं, तर ते सरळ भरलं होतं की उलटं, हे टाक्यांवरून कुणालाही कधी सांगता येणार नाही. मी वहीत दोन फुल्या काढून हे पुन्हा ताडून पाहिलं. बरोबर होतं. याचं बरं वाटलं की वाईट, ते मात्र ठरेना.

शनिवारी अकरा वाजता मी तूवाला फोन केला. मागून पक्षी ओरडत होते. ती तिच्या भाड्याच्या वाफ्यात बटाटे लावत होती.

“अरे देवा, मेलेला माणूस बोलतोय!” ती ओरडली. “थांब, हाताला माती आहे. बोल बोल.”

“पाणमांजर उलटं केलं की गुदगुल्या केल्यासारखं दिसतं.”

“मग राहू दे की. तुमचं घराणं मरतानाही नखऱ्याचंच.”

“तूवा, मी मेलो कधी?”

“कधी म्हणजे? तूच तर लिहिलंस! शेवटचा होल्मार बर्फाखाली गेला. काय पत्र होतं रे ते! मी मोठ्याने वाचत होते तर माझाच आवाज फाटला. इतकं सुंदर कुणीच मेलं नाही आजवर. मग आम्ही नदीवर अंत्ययात्रा काढली, खरी, बर्फावर, कंदील घेऊन. प्लायवूडची ढाल बनवून कुऱ्हाडीने फोडली. उणे अठरा होतं. एकाच्या कानाला हिमदंश झाला, अजून तक्रार करतो.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मेलेल्याला आमंत्रण देतात का? पण आम्हाला वाटलं तू येशील. लपून बघायला तरी. सारखं मागे वळून बघत होतो. नंतर पॅनकेकसुद्धा तुझे मोजून केलेले. तू आला नाहीस, तेव्हा वाटलं, याला आता हा खेळ पोरकट वाटायला लागला असेल. नोकरीवाला माणूस.”

मी म्हणालो, “ते पत्र खरं होतं.”

“म्हणजे?”

“मी ते माझं म्हणून लिहिलं होतं.”

फावडं मातीत खुपसल्याचा आवाज आला. “कोपऱ्यात गोल नव्हता, हॅम्पुस,” ती हळू म्हणाली. “मी बघितला होता. मागच्या बाजूलासुद्धा बघितला.”

“माहीत आहे.”

“मग आम्हाला कसं कळणार होतं, सांग?”

“नव्हतंच कळणार.”

राग धरायला काहीतरी लागतं, आणि माझ्याजवळचं ते चार वर्षांचं काहीतरी एका छोट्या गोलाएवढं होतं, जो मी काढला नव्हता. मग मी विचारलं, परत येऊ का. हे इतकं पटकन तोंडातून गेलं की मला स्वतःलाच ते नंतर ऐकू आलं.

“ये ना! विचारतोस काय? फक्त होल्मार म्हणून नाही येता येणार. घराण्यांच्या पुस्तकातून नाव काढलंय, ढाल फोडलीय. मेलेलं घराणं उठवलं तर बाकीचे माझा जीव घेतील, सगळ्यांचे मेलेले आहेत. नवीन घराणं काढ. चिन्ह तुला काय, तासाभराचं काम. आणि दुसरा माणूस घेऊन ये.”

“दुसरा कोण?”

“कोणीही. एकट्याचं घराणं होत नाही, दोघं लागतात. असं बोलतोयस जसं काही माहीतच नाही. नियम तुझाच आहे! पहिल्या वर्षी तूच भांडला होतास त्याच्यासाठी. कुणी एकटं बसायला नको म्हणून.”

मला ते आठवत नव्हतं. तिने सांगितल्यावर थोडं आठवलं : मी एकवीस वर्षांचा, हातात पळी, काहीतरी ठासून सांगतोय आणि सिक्स्तेन टाळ्या वाजवतोय. दुसरा माणूस गेला तर उरलेल्याचं काय, हे त्या नियमात मी लिहिलं नव्हतं. एकविसाव्या वर्षी ते सुचत नाही.

फोन ठेवल्यावर तिने फोटो पाठवला. करड्या आभाळाखाली गोठलेली नदी, आठ माणसं, लोकरीच्या टोप्या, कंदील, बर्फावर निळ्या लाकडाचे तुकडे. सहा जण तुकड्यांकडे बघत होते. दोघांनी मान मागे वळवलेली होती, चौकटीबाहेर, माझ्या किनाऱ्याकडे. त्यांतली एक तूवा. फोटोवर वेळ होती, दुपारचे चार वाजून सहा मिनिटं, गुरुवार. त्या वेळी मी खिडकीशी फोन घेऊन बसलेला असणार, कारण तेव्हा मी दर गुरुवारी बसत होतो. नकाशावर अंतर मोजलं : एक किलोमीटर आठशे मीटर, मध्ये एक पूल. मी सूक्ष्मदर्शकात बघतो तसा तो फोटो मोठा करत गेलो, चेहऱ्यांचे चौकोन होईपर्यंत. चौकोन झाल्यावर मान कुठल्या बाजूला वळली आहे तेही दिसेना. मग लहान केला.

रविवारी मी सातवी ढाल जशी होती तशी, गुदगुल्यांसकट, तूवाला पाठवून दिली आणि कोरा आलेख उघडला. दोघांच्या घराण्याची ढाल उभी दुभागतात, अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. एकसष्ट टाक्यांत डावीकडे तीस, उजवीकडे तीस, आणि मधला एकतिसावा स्तंभ कुणाचाच नाही. तिथे आधी सोनेरी रेघ ओढून घेतात. ती ओढली. डाव्या अर्ध्यात बर्चचा एक परागकण काढला, गोलसर, तीन तोंडांचा, हिरव्यावर रुपेरी. तो छान झाला. गोल काढणं चौकोनांत सगळ्यात अवघड असतं, आणि हा कुठेही खडबडीत दिसत नव्हता. उजवीकडे तीस स्तंभ कोरे. दुपारभर मी त्यांत कोण बसेल याचा विचार केला. सिक्स्तेनला जुळी मुलं झालीत, तो माझ्या मेसेजला तीन आठवड्यांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवतो. बर्गनच्या बहिणी बर्गनमध्ये. खालच्या मजल्यावरचा माणूस मला ‘वरचा’ म्हणतो. मी ओळखीच्या माणसांची यादी करायला घेतली आणि ती औषधाच्या दुकानातल्या बाईपर्यंत गेली, तेव्हा थांबलो. मग गुन्वोर आठवली. आठवली म्हणजे, ती यादीत नव्हतीच, जशी आपली खुर्ची यादीत नसते. तिचा खोकला मला दोन खोल्यांपलीकडून ओळखू येतो. ती चीज कसं कापते, कण मोजताना ओठ कसे मुडपते, सगळं माहीत आहे. घरी तिच्यासाठी कुणी दार उघडतं की ती स्वतःच किल्ली लावते, हे माहीत नाही. सहा वर्षांत मी विचारलेलं नाही. तिने मात्र मला विचारलं होतं, कोण गेलं.

सोमवारी बसमध्ये मी वाक्यं जुळवली. ती भिंगात डोळा घालून बसलेली होती, शनिवारचा दिवस काचेवर होता, आणि मी कोट न काढताच सुरुवात केली. म्हणालो, एक खेळ असतो, म्हणजे खेळ म्हणता येणार नाही, आमच्यातले काही जण गुरुवारी जमतात, सूप असतं, त्यात घराणी असतात आणि त्यांचा एक नियम असा आहे, अर्थात तुला वेळ नसेल तर काहीच हरकत नाही, फक्त चिन्हाची उजवी बाजू सध्या रिकामी आहे, म्हणून तांत्रिक कारणासाठी विचारतोय. यातलं बरंचसं मी सूक्ष्मदर्शकाच्या तळाकडे बघून बोललो. गुन्वोरने डोळा न उचलता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. तिची ओळ मध्यावर होती. ओळ चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. मोजणी चुकली तर पहिल्यापासून. सहा वर्षांत मी ही चूक केली नव्हती. तिचा अंगठा मोजयंत्रावर चालत होता, बर्च, बर्च, बर्च, मध्येच दुसऱ्या कळीवर एखादा पाइन, पुन्हा बर्च. ओळ फार लांब होती. मला कोटात घाम आला. जावं, असंही एकदा वाटलं. ती ऐकलं नाही म्हणाली असती आणि मी काही नाही म्हणालो असतो, आणि दहा वाजता आम्ही कॉफी प्यालो असतो.

तिने आकडा लिहिला, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“मी बर्चमध्ये होते रे,” ती म्हणाली. “गुरुवार तेवढं ऐकलं. काय म्हणालास? परत सांग.”

बसमध्ये मी एकदाच पुरेल एवढंच जुळवलं होतं.

“गुरुवारी,” मी म्हणालो, “मला माझ्या शेजारी बसायला कुणीतरी हवं आहे.”